भांग, वेणी आणि कलप

केस उगवतात आपल्याच डोक्यावर, पण ते कसे ठेवायचे हे ठरवायचा अधिकार आपल्या मुलखात डोक्याच्या मालकाला फार उशिरा मिळाला. बाईला तर त्याहून उशिरा. माझं माहेर माण तालुक्यात, सासर खटावात. दोन्हीकडची चार पिढ्यांची डोकी मी पाहिली किंवा ऐकली आहेत. त्यावरून सांगते, गावात कोण कुठल्या जातीचा, कुणाचा बाप मेला, कुणाचा नवरा गेला, कोण फौजेतून आला आणि कोण मुंबईहून, हे विचारायची गरज नसायची. डोकं बघितलं की कळायचं.

माझ्या आजोबांच्या लहानपणी पुरुषांचं डोकं म्हणजे भोवती गुळगुळीत आणि मध्ये शेंडी. त्यावर पटका किंवा मुंडासं. उघड्या डोक्यानं चावडीपुढनं जायचं नाही. ही हजामत करायला गावचा न्हावी. बारा बलुतेदारांतला एक. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो आणि त्यांच्या मुलालाही पुढं तात्याच म्हणायला लागलो, इतका तो धंदा आणि ते नाव एक झालं होतं. तात्यांच्या काखेत धोकटी असायची. वस्तरा, कात्री, नराणी, वस्तऱ्याला धार लावायची चामडी पट्टी, पितळेची वाटी आणि कडेचा पारा उडालेला आरसा, एवढं सगळं त्या धोकटीत. चावडीजवळच्या लिंबाखाली गिऱ्हाईक उकिडवं बसायचं, तात्या त्याचं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरायचे आणि गावच्या बातम्या सांगत वस्तरा चालवायचे. पैसा नाही. सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं घ्यायचं, ज्वारीच्या पेंढ्या आणि पायलीच्या हिशेबानं धान्य. लग्नाचं बोलावणं फिरवणं, वरातीत दिवटी धरणं, पाहुण्यांचे पाय चेपणं, हीही कामं त्यांच्याकडं.

आता यात एक गोष्ट लपवून चालणार नाही. वस्तरा सगळ्यांसाठी नव्हता. महारवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या माणसांची डोकी गावचा न्हावी करत नसे. ते लोक आपापसांत करायचे, एकाने दुसऱ्याचं. तात्यांनी मनात आणलं असतं तरी बाकीच्या गावानं त्यांच्या पुढं डोकं धरलं नसतं आणि बलुतं बंद झालं असतं, हेही खरं. घटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता संपवली, १९५५ ला कायदा आला, पण लिंबाखालची बसायची जागा काही लगेच बदलली नाही. ती बदलली तालुक्याच्या एसटी स्टँडवर खुर्ची-आरशाचं सलून निघालं तेव्हा. तिथं पैसे टाकले की कुणीही खुर्चीत बसायचं. माझे वडील सांगायचे, महारवाड्यातला त्यांच्याच वयाचा एक जण मुंबईला गिरणीत होता. तो सुट्टीला यायचा तेव्हा सलूनमध्ये कापलेले केस, मध्ये सरळ भांग आणि वर चकाकणारं तेल. गावातल्या काही जणांना तो भांग सलायचा. उघड बोलता येत नव्हतं, पण सलायचा.

शेंडी कशी गेली, याबद्दल पुस्तकांत इंग्रजी शिक्षण वगैरे लिहिलेलं असतं. आमच्याकडं ती दोन वाटांनी गेली, फौज आणि गिरणी. सातारा जिल्ह्यात पहिल्या महायुद्धापासून फौजेत जायची रीत. पलटणीत डोकं एकसारखं कापायचे. पोरगा वर्षानं रजेवर आला की आया आधी डोकं बघून रडायच्या आणि मग पोराला मिठी मारायच्या. कारण आपल्यात पुरुषाचं डोकं अचानक बोडकं दिसलं की घरात मर्तिक झालंय असंच समजायचं. हळूहळू तोच ‘मिलटरी कट’ गावातल्या रिकाम्या पोरांनीही ठेवायला सुरुवात केली.

गिरणीची वाट जरा रंगीत होती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, लालबागला गिरणीत साचावर होते. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-सोळा माणसं पाळीपाळीनं झोपायची. रविवारी सुट्टी. रविवारी केस कापायचे, सिनेमा बघायचा आणि गावाकडं पत्र लिहायचं. ही रविवारची सुट्टी ज्यांच्या झगड्यानं मिळाली ते नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली आणि १८९० च्या जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच १८९० साली लोखंड्यांनी दुसरीही एक गोष्ट केली, ती मला मोठेपणी वाचून कळली. त्यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्या न्हाव्यांनी ठरवलं.

विचार करा. हातावर पोट असलेली माणसं. ज्या घरांतून चार पैसे मिळायचे, त्या घरांना त्यांनी सांगितलं की या कामाला आमचा वस्तरा नाही. आगरकर लेख लिहीत होते, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्याच सुमारास क्रमशः येत होती आणि तिच्यातल्या यमूचं केशवपन वाचून लोक हळहळत होते, पंडिता रमाबाईंनी वर्षभर आधी मुंबईत शारदा सदन काढलं होतं. या सगळ्यांचं मोल आहेच. पण ज्याच्या हातात वस्तरा होता त्यानं नाही म्हणणं, याची गोष्ट शाळेच्या पुस्तकांत फारशी येत नाही. मी पंचवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून सांगते.

आम्हा कुणब्यांत केशवपन नव्हतं. काही घरांत पाट लागायचा, काही घरं स्वतःला मोठी समजायची तिथं पाटही नाही आणि काही नाही, बाईनं पांढऱ्या कपाळानं मरेपर्यंत राबायचं. पण केस राहायचे. केशवपन होतं ते ब्राह्मणांत आणि त्यांचं बघून उच्च म्हणवणाऱ्या काही घरांत. माझ्या माहेरच्या गावी कुलकर्ण्यांच्या वाड्यात एक आजी होत्या. लाल आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला. आजी सांगायची, त्या नऊ वर्षांच्या असताना नवरा गेला होता. थोरल्या तात्यांना दर पंधरवड्याला वाड्याच्या मागच्या दारानं बोलावणं यायचं. तात्या पुढच्या दारानं हसत-बोलत येणारा माणूस. पण त्या दिवशी मान खाली घालून जायचे आणि मान खाली घालून यायचे. त्या दिवसाचे पैसे त्यांची बायको घरात घेत नसे म्हणे, देवळाच्या पेटीत टाकायला लावायची. मुंबईतली सभा त्यांच्या कानावर आली होती की नाही कोण जाणे. मुंबई लांब होती आणि बलुतं जवळ.

बायकांच्या केसांचं बाकीचं शास्त्र आईकडून आईकडं चालत आलेलं. आठवड्यातनं एकदा न्हाणं. शिकेकाई असली तर सण, नाहीतर रिठा, नाहीतर काळी माती, आणि काहीच नसलं तर चुलीतली राख गाळून तिचं पाणी. तेल करडईचं. खोबरेल बाळंतिणीला. मग उन्हात बसून लाकडी फणीनं एकमेकीच्या उवा-लिखा काढायच्या. गावातल्या निम्म्या बातम्या आणि निम्मी भांडणं तिथं जन्माला यायची. फणीत आलेले केस फेकायचे नाहीत. त्यांचं गुंतवळ करून भिंतीच्या भोकात कोंबून ठेवायचं. सुया-बिब्बे, पोत-मणी घेऊन बाया यायच्या, त्या गुंतवळ घेऊन बदल्यात सुई-दोरा द्यायच्या, पुढं भांडी द्यायला लागल्या. घरातल्या बाईची स्वतःची म्हणावी अशी कमाई तेवढीच.

कापायचे मात्र नाहीत. कापलेल्या केसांची बाई म्हणजे कुणीतरी शिक्षा केलेली, वेड लागलेली, नाहीतर मिशनची नर्स. १९६० साली साधनाचा ‘लव्ह इन सिमला’ आला आणि शहरात पोरी कपाळावर केस कापून ‘साधना कट’ करायला लागल्या. आमच्या गावात तो कट पोचला दहा वर्षांनी, तेही एका मुंबईकरणीच्या डोक्यावर. तिच्या सासूनं तिला पूर्ण सुट्टीभर डोक्यावरचा पदर खाली घेऊ दिला नाही.

आणि मग १९७२. माझा जन्म त्यानंतरचा, पण आईच्या तोंडून तो दुष्काळ इतक्यांदा ऐकलाय की मीच खडी फोडली असं वाटतं. बाया पहाटे उठून तळ्याच्या, रस्त्याच्या कामावर जायच्या. मिलो ज्वारी आणि सुकडी. आई म्हणायची, “पाणी पियाला न्हाई तर डोसक्याला कुठलं? दोन-दोन म्हयने न्हालो न्हाई.” ऊन, खडीची धूळ आणि पोटात काही नाही, यानं बायकांचे केस तांबडे झाले. पोरांचे तर मक्याच्या कणसाच्या केसासारखे. आईला एक फोटो दाखवायची वेळ आली तेव्हा ती खूश झाली नाही. माझ्या लेकीनं पुण्यात पाच हजार देऊन केसांच्या बटा तांबूस करून घेतल्या होत्या, त्याचा फोटो मोबाइलवर आला होता. आईनं मोबाइल लांब धरून बघितला आणि म्हणाली, “पोरीला खायाला मिळतंय न्हवं तिथं?”

पांढऱ्या केसांना काळं करायची कला आपल्याकडं जुनीच. माका तेलात उकळायचा. आवळकाठी लोखंडी कढईत रात्रभर भिजत घालायची, लोखंडानं पाणी काळं पडतं. मेंदी. पण मेंदीनं केस लाल होतात, काळे होत नाहीत. तिच्यातला रंग केसाच्या प्रथिनाला चिकटतो तो नारिंगी-तांबडाच. काळा हवा असेल तर वरून निळीच्या पाल्याची पूड लावावी लागते, आणि ते माहीत असलेली माणसं थोडी. म्हणून आमच्याकडं पन्नाशीच्या माणसाच्या लाल दाढीवर पोरं हसायची.

खरा काळा कलप आला तो युरोपातून. कोळशाच्या डांबरापासून कापडाचे रंग करता येतात हे तिकडं १८५६ पासून कळलं होतं. १९०७ साली पॅरिसमध्ये युजेन श्युलर नावाच्या रसायनतज्ज्ञानं केसांसाठी तसा रंग तयार करून न्हाव्यांना विकायला सुरुवात केली, आणि दोन वर्षांनी कंपनी काढली. तिचंच पुढं लॉरिआल झालं. या रंगाची करामत अशी की लावताना तो काळा नसतोच. बारीक कण केसात शिरतात, पेरॉक्साइडशी गाठ पडली की आतल्या आत एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि मग बाहेर पडता येत नाही. गणपतीच्या मांडवात पोरं एकेक करून शिरतात आणि नंतर गर्दी झाली की कुणालाच हलता येत नाही, तसं. या कणांचं नाव पॅराफेनिलिनडायअमाइन. पाकिटावर बारीक अक्षरात पीपीडी लिहिलेलं असतं.

आमच्या घरात कलप आला तो नटण्यासाठी नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आबा गावाकडं आले. आधी वाटलं महिन्याभरात मिटेल. वर्ष गेलं. दीड वर्ष गेलं. आबा पंचेचाळिशीचे, कानशिलं पांढरी झालेली. साताऱ्याला एका कारखान्यात वॉचमनची जागा होती. कुणीतरी सांगितलं, चाळिशीच्या वरचा माणूस घेत नाहीत. आबांनी आदल्या दिवशी पुडी आणली. फुटक्या कपात कालवली. मी नऊ वर्षांची असेन. मी आरसा धरला होता आणि आई जुन्या दात घासायच्या ब्रशनं त्यांच्या कानशिलावर, मग मिशीवर रंग लावत होती. तिघंही बोलत नव्हतो. गिरणीत तालमीतल्या पहिलवानासारखं चालणारा माझा बाप मान वाकवून पाटावर बसला होता, आणि मिशीचा रंग ओठावर उतरू नये म्हणून ओठ आत ओढून धरला होता.

नोकरी लागली. तेव्हापासून दर महिन्याला अमावास्येच्या आधीच्या रविवारी आमच्या परसात कलपाचा वास. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे महिन्यानं मुळाशी पांढरी रेघ दिसायला लागते. आबा त्या रेघेला फार भ्यायचे. निवृत्त झाले त्या महिन्यात त्यांनी पुडी आणली नाही. पुढच्या तीन महिन्यांत म्हातारे झाले असं गावाला वाटलं. आबांना मात्र बरं वाटत असावं. ते आरशात बघून शीळ घालायचे.

मधल्या वयात केस बदलायचा सगळ्यात अवघड निर्णय मी पाहिला तो मात्र आमच्या सासरच्या आळीतल्या एका बाईचा. तिला जट होती. तिशीत केसांत गुंता झाला, कुणीतरी सांगितलं देवी आली, आता फणी लावू नको. हळद-तेल घालत गेली आणि वीस वर्षांत कमरेखाली लोंबणारा दगडासारखा दोर झाला. मान एका बाजूला ओढलेली. झोप नाही. वास यायचा म्हणून नातवंडं जवळ येत नसत. पूर्वी जट आली की बाईला यल्लम्माला सोडायचे, सौंदत्तीला नेऊन जोगतीण करायचे. देवदासी करण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ ला कायदा झाला, महाराष्ट्रानं नवा कायदा २००५ ला केला. पण जटेची भीती कायद्यानं जात नाही. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या बायका गावोगाव हे काम करतात. आमच्या आळीत दोघी तीनदा आल्या. पहिल्या दोन खेपेला नुसता चहा पिऊन गेल्या. तिसऱ्या खेपेला तीच म्हणाली, “कापा. मेले तर मेले, मान तर सरळ हुईल.” कापायला दीड तास लागला. कात्री चालेना, आतून उवा निघाल्या. कापून झाल्यावर तिनं मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली, आणि तिला रडू फुटलं. पुढं वर्षभर गावात कुणाची म्हैस आटली तरी लोक तिच्याकडं बोट दाखवायचे. ती केसांना तेल लावून दारात बसायची.

आता माझं. मला चाळिशीत पांढरे केस दिसायला लागले. आमचे हे आणि मी, दोघंही महिन्याच्या शेवटच्या रविवारी कलप लावायचो. एकदा बाजारातून काळ्या मेंदीची पुडी आणली. नाव मेंदीचं, पण काळा रंग येतो तो आत कालवलेल्या पीपीडीनंच. माझं कपाळ सुजलं, डोळे मिटले, दोन दिवस रजा काढावी लागली. तेव्हापासून मी जपून.

मे २०२१ मध्ये हे गेले. कोरोनाची दुसरी लाट. अंत्यविधी परस्पर झाला. लोक घरी यायला भीत होते, पण दहाव्याला चार जणी आल्याच. बांगड्या, कुंकू, जोडवी. केसांबद्दल कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. कलप थांबला. दोन वर्षांत डोकं दोन रंगांचं झालं, वरती वीतभर पांढरं आणि खाली काळपट-तांबूस शेपूट. आरशात बघितलं की कुठल्या महिन्यात काय झालं ते मोजता यायचं.

मध्ये, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की आमच्या गावात विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. सरकारनंही मग सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता घ्यायला सांगितलं. आमच्याकडंही विषय निघाला. सगळ्यांनी माना डोलवल्या. सभा सुटल्यावर माना डोलावणाऱ्यांपैकीच एकाच्या घरी हळदीकुंकू होतं, तिथं मला बोलावणं नव्हतं. राग नाही, नोंद करून ठेवते.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं. का, ते सांगणं अवघड आहे. एक कारण अगदी साधं. कमरेपर्यंतची वेणी घालायला सकाळी वीस मिनिटं जायची, आणि खांदा दुखायचा. दुसरं कारण असं की मी पन्नाशीला आले होते, नोकरीची आठ वर्षं बाकी होती, आणि वर्गातल्या पोरांपुढं मला थकलेलं दिसायचं नव्हतं. आबांचं आणि माझं कारण तसं एकच होतं म्हणा ना. आणखी एक होतं, ते मी कुणाला बोलले नाही. मला बघितल्याबरोबर समोरच्याला आधी ह्यांचं जाणं आठवावं, मग मी, हे मला नको होतं.

वडूजला एक पार्लर आहे. ते चालवणारी माझ्या माहेरच्या तात्यांची नातसून. हे मला आधीपासून माहीत होतं, म्हणूनच तिथं गेले. तिनं नीट विचारपूस केली, माझ्या सुजलेल्या कपाळाची हकिगत ऐकली आणि त्या दिवशी रंग लावायला साफ नकार दिला. कानामागं रंगाचा ठिपका लावला. “अठ्ठेचाळीस तास थांबा वहिनी. खाजलं तर येऊच नका.” खाजलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले. मानेपर्यंत केस कापले. कुळकुळीत काळा नको म्हणून सांगितलं, गडद तपकिरी लावला. कात्री चालताना ती म्हणाली, “आमच्या घरात आजे-सासऱ्यांची धोकटी अजून आहे. आतलं काहीच वापरता येत नाही, पण टाकवत नाही.” मी तिला थोरल्या तात्यांची, मागच्या दाराची गोष्ट सांगितली. तिला ती माहीत नव्हती. ती थोडा वेळ थांबली, आणि मग उरलेली बाजू कापली.

घरी आले तर दिरांनी बघितलं आणि चप्पल घालून रानात गेले. रात्री जाऊबाईंच्या मार्फत निरोप आला, “वहिनींच्या मनात काय दुसरं असंल तर सरळ सांगा म्हणावं.” मी तसाच निरोप पाठवला, “मनात आलं तर सगळ्यांत आधी भावजींनाच सांगीन, काळजी नसावी.” बोअरिंगवर दोघी-तिघी बोलल्या, नवरा गेला आणि रंगायला लागली. हे शब्द माझ्यापर्यंत पोचतील याची व्यवस्था करूनच बोलल्या. शाळेत पहिलीतल्या एका पोरानं विचारलं, “बाई, तुमचं केस कुणी नेलं?” तेवढ्या एकाच प्रश्नाला मी हसले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चार दिवस बोलल्या नाहीत. ताट वाढलं की जेवायच्या, बस्स. मला दिरांपेक्षा, गावापेक्षा हे जड गेलं. आम्ही दोघी एका घरात राहतो, एकाच माणसाला गमावून बसलोय. त्यांचा तो मुलगा होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी दिवा लावून आले, तर मला म्हणाल्या, “हितं बस.” बसले. त्यांनी माझ्या मानेवरनं हात फिरवला, जिथं वेणी असायची तिथं.

“मामंजी गेलं तवा मी अडतीसाची,” त्या म्हणाल्या. सासऱ्यांना त्या मामंजीच म्हणायच्या माझ्यापुढं. “मला शेवंतीचं लई येड. त्येंनी बांधाला लावली व्हती माझ्यासाठी. त्ये गेलं त्या साली बी फुलली. मी तोडून देवाला घातली. चाळीस वरसं देवालाच घालती.” मग बराच वेळ काही नाही. मग, “तुला शोभतंय. पर मला इचारलं न्हाईस.”

“विचारलं असतं तर?”

“न्हाई म्हनलं असतं,” त्या म्हणाल्या, “म्हंजी म्हनावं लागलं असतं.”

त्यानंतर त्यांनी दिरांना काय सांगितलं मला माहीत नाही. पण दिवाळीच्या भाऊबीजेला दिरांनी बहिणींच्या बरोबरीनं मला साडी आणली, हिरव्या काठाची, आणि माझ्या डोक्याकडं न बघता हातात दिली.

संक्रांतीनंतर आत्याबाईंनी स्वतःच विषय काढला. त्यांचाही हात वर जात नाही, अंबाडा बांधायला रोज सुनेला हाक मारावी लागते. “त्या पोरीला म्हनावं, खांद्यापातुर काप. रंग नगं. पांढरं हाय त्ये माझं हाय.” वडूजला त्या पार्लरच्या खुर्चीत बसल्या, पाय खाली टेकेनात म्हणून खाली पाट दिला. नातसुनेनं त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. आत्याबाईंनी तिला पुढच्या सुगीला पायलीभर ज्वारी पाठवली.

माझी कापलेली वेणी मी कागदात गुंडाळून कपाटावर ठेवली होती. ती त्यांनीच शोधून काढली. केसांवर भांडी देणारी बाई दारात आली, तेव्हा आत्याबाईंनी आपले पांढरे आणि माझे दुरंगी, दोन्ही पुढं ठेवले. पांढरे चालत नाहीत, ती म्हणाली. आत्याबाई म्हणाल्या, मग काळंबी देत न्हाई. अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी स्टीलचं एक पातेलं आणि वर चहाची गाळणी मिळाली. गाळणी त्यांच्या मते कमी दर्जाची आहे.